शिलाई मशीनवरची अर्धी माशी

बुधवार, १२ फेब्रुवारी १९८६, रत्नागिरी. दहावा.

हजर: तुझा मुलगा नंदू, मुंबईहून आलेला, डोकं भादरलेलं, नाक लाल झालेलं. भटजी. तुझ्या मिरजोळ्याच्या कारखान्यातले दोघे, सायकली वर रस्त्याला लावून खाली घाटावर उतरलेले. इब्राहिम, तुझा गळाने मासे गरवायचा जोडीदार, जरा लांब, माडाला टेकून उभा. आणि मी, तुझी ताई. बायका येत नाहीत, असं भटजी म्हणाले. मी म्हटलं, दर्भ, तीळ, पत्रावळी आणि तुमची परतीची रिक्षा हे सगळं मी बघितलंय, तेव्हा मी येणार.

गैरहजर: श्रीधर. नेहमीप्रमाणे, न कळवता.

मी तयारीनिशी आले होते. कावळा शिवला नाही की एकेकाने पुढे होऊन सांगायचं असतं, तुझं अमुक राहिलंय ते आम्ही करू, तू निश्चिंत जा. कुणी काय बोलायचं हे मी घरून ठरवून आणलं होतं. नंदूने आईला, म्हणजे शालूला, अंतर देणार नाही म्हणायचं. कारखान्यातल्यांनी फंडाचे कागद लवकर करतो म्हणायचं. सगळ्यात शेवटी माझं ठेवलं होतं: मशीनवरची तुझी अर्धी माशी मी पुरी करीन. मला वाटत होतं, कावळा त्यालाच अडेल. तू मला तिथे उन्हात ताटकळत ठेवशील, माझ्याकडून ते मोठ्याने वदवून घेशील आणि मगच जाशील.

नंदूने पिंड ठेवला, भटजी मागे सरायच्या आत कावळा उतरला आणि घास उचलून गेलासुद्धा. भटजी खूश. "भाग्यवान माणूस. काही इच्छा राहिली नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इच्छा राहिली नाही? घरात माशी अर्धी, मुंबईची तपासणी न केलेली, माझ्याशी भांडण अर्धं, आणि तू कावळ्याला ताबडतोब पाठवून मोकळा! वर चढताना इब्राहिम म्हणाला, "ताई, कावळ्याला भूक लागली होती. त्यात श्रीधरचा काय दोष?" तो बरोबर बोलत होता. पण आज मला कुणी बरोबर बोललेलं सहन होत नाही.

या दिवसांत समाचाराला आलेला प्रत्येक माणूस आधी तुझ्या फोटोकडे बघतो आणि मग शालूच्या शिलाई मशीनकडे. मशीनच्या फळीला तू कारखान्यात बनवलेला तो बोटभर व्हाइस, चिमुकला शिकंजा, अजून आवळलेला आहे. त्याच्या जबड्यात गळ, गळावर अर्धं अंग चढलेली माशी, आणि तिच्यापासून खाली लोंबणारा काळा दोरा. दोरा ताणलेला राहावा म्हणून टोकाला लोखंडी नट. "हे काय?" असं विचारतात. मग मी सांगते. कोंबड्याच्या मानेची पिसं, बकरीचे केस, जुन्या साडीची जर असं काय काय गळावर दोऱ्याने बांधायचं. पाण्यात ते हललं की माशाला करंदी, बारीक कोळंबी वाटते, नाहीतर चिमुकला मासा वाटतो. तो तोंड घालतो आणि अडकतो. वेगळं आमिष लागत नाही. परदेशात याला माशी म्हणतात, म्हणून आमचा श्रीधरही माशी म्हणायचा.

"विकायचे का?"

"नाही."

"मग?"

या "मग"चं उत्तर तुला कधी देता आलं नाही, मला तरी कुठून येणार.

चौथ्या दिवशी डॉक्टर आले. खुर्चीत बसले, चहा घेतला, आणि मशीनकडे बघत सहज म्हणाले, "मी त्यांना दिवाळीतच सांगितलं होतं, मुंबईला जा, हृदयाच्या नळ्यांची तपासणी करून घ्या, कदाचित ऑपरेशन लागेल. ते म्हणाले, बघू."

शालू आतून बाहेर आली. "ह्यांनी तर मला पित्त म्हणून सांगितलं होतं."

मी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही मला का नाही सांगितलंत? रस्त्यात दहादा भेटलात."

डॉक्टर अवघडले. "तेच म्हणाले, ताईला सांगू नका. ती उद्याच यादी करील. रक्त कोण देणार इथपासून." सांगताना त्यांना हसू आलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते थांबले.

हो, केली असती यादी. उद्या कशाला, त्याच संध्याकाळी केली असती. रक्ताला इब्राहिम आणि कारखान्यातला तो उंच मुलगा. उतरायला माझ्या नणंदेकडे परळला, तिथून हॉस्पिटल चालत. माझी रजा शिल्लक होती, तुझी मी शिल्लक करून घेतली असती, तुझ्या साहेबाशी बोलायला मला पाच मिनिटं लागली असती. एसटीत पुढची खिडकीची जागा, कारण कशेडीच्या वळणांवर तुला मळमळतं. थर्मास, दोन चादरी, डॉक्टरांचे जुने कागद तारखेप्रमाणे लावून. पस्तीस माणसांच्या ऑफिसचा कारभार सांभाळणारी बहीण तुझ्याजवळ होती, श्रीधर, अख्ख्या जिल्ह्यात याहून बरी बहीण तुला मिळाली नसती. आणि तू तिलाच तेवढं वगळलंस. मला तू बुद्धी कमी म्हणून वगळलं असतंस तर मी समजून घेतलं असतं. मी कामाची आहे म्हणून वगळलंस!

दिवाळीपासून तू दर सोमवारी त्या मशीनपाशी बसत होतास. मिरजोळ्याला सोमवारी वीज बंद, म्हणून तुझी सुट्टी. छातीत काय चाललंय ते तुला माहीत, आणि हात पिसांत. मी दोनदा आले होते. एकदा मी म्हटलं, "सुकलास रे." तू म्हणालास, "अगो, उन्हातान्हात गरवायला जातो ना." तोंड वर करूनसुद्धा बघितलं नाहीस.

तुला हे वेड लागलं ते रद्दीच्या दुकानात. कव्हर नसलेलं एक विलायती मासिक, आत रंगीत माश्यांचं पान आणि त्या कशा बांधायच्या त्याच्या पायरीपायरीने काढलेल्या आकृत्या. तू इंग्रजीला आयुष्यभर पाठ फिरवलेलीस, पण आकृत्या वाचायला तुला कधी भाषा लागली नाही. महिनाभराने चार-पाच माश्या करून मला दाखवायला आणल्यास. अंगठ्याएवढ्या! मी चष्मा लावून मासिकातला बारीक मजकूर वाचला आणि म्हटलं, "अरे वेड्या, चित्रं मोठी करून छापलीयत असं खाली लिहिलंय. खरी माशी एवढी नसते, नखाएवढी असते."

तू माशी हातात फिरवलीस. "आता झाल्या त्या झाल्या. भाट्याच्या खाडीतल्या माशांना कुठं इंग्रजी येतं?"

बंदरावर तुझी काय टिंगल झाली! इब्राहिमने तुझी माशी दोन बोटांत उचलून सगळ्यांना दाखवली. "श्रीधरशेट, ही माशी म्हणायची की चिमणी? दिवसभर माश्याच मारायच्या तर जरा लहान मारा." तू त्याला चहा पाजलास. दोरीला पाणी लागू नये म्हणून काजूच्या टरफलाचं तेल चोळायची अक्कलही तुझीच, होड्यांना लावतात म्हणून. हातांना फोड आले, आठ दिवस शालूने भरवलं. तेव्हाही मला निरोप नाही. मला ते इब्राहिमच्या बायकोकडून बाजारात कळलं.

आणि मग तो सोमवार, कसलीशी सरकारी सुट्टी जोडून आलेला, म्हणून मीही भाट्याला आले. पाणी, टोपी, आयोडीन, पट्ट्या, भाकरी, सगळं माझ्या पिशवीत, कारण तुझ्या पिशवीत फक्त माश्या. भरती चढत होती. तू गुडघाभर पाण्यात उभा, हातात चिव्याच्या बांबूची काठी, दोरी डोक्यावरून मागे पुढे फिरवत होतास. किनाऱ्यावर जाळं नीट करत बसलेले दोघे पोट धरून हसत होते. मला लाज वाटत होती, हे मी लपवत नाही. आणि अचानक काठी वाकली. तू ओरडलास, "ताई! आली!" मी भाकरीचं फडकं तसंच टाकून साडीसकट पाण्यात. इब्राहिम पलीकडून धावत आला. "ढील दे! ढील दे मेल्या!" तांबोशी होती, चांगली हातभर. तोंडाच्या कोपऱ्यात तुझी ती चिमणी.

इब्राहिमने माशी सोडवून उलटसुलट करून बघितली. पुढच्या ईदनंतर तो तुझ्या दारात आला, कागदात गुंडाळलेली कोंबड्याची मान घेऊन. "लाल-काळा होता. पिसं काढून घे. बिर्याणी आम्ही खाल्ली."

रात्री जेवताना मी म्हटलं होतं, "तरीपण चूक ती चूकच. माशी नखाएवढीच असते."

"मासा आला ना?"

"मासा चुकून आला."

"मग मासा चुकला. मी नाही."

त्या दिवसापासून हे भांडण चालू आहे. गणपतीत, लांज्याला शालूच्या माहेरच्या लग्नात, दवाखान्याच्या बाकावर. मी कुठेतरी वाचून आले होते की समुद्रकाठी मोठ्याच माश्या वापरतात, म्हणजे तुझं बरोबर निघालं होतं, आणि ते मी तुला पुढच्या भेटीत सांगणार होते, पण आधी थोडं खेळवून. आता कुणाला खेळवू? पन्नाशी उलटल्यावर भांडायला नवीन माणूस मिळत नाही, श्रीधर. नवीन माणसांशी वाद होतात. भांडायला आपलं माणूस लागतं, ज्याला आपण लहानपणी विहिरीवर नेऊन आंघोळ घातलेली असते.

आमचे हे गेले तो पावसाळा तुला आठवत असेल. मला आठवतो तो असा की सगळी कामं झाली होती. मी सगळं पहिल्या पंधरवड्यात संपवलं, बँक, पेन्शन, रेशनकार्ड, यांचे कपडे कुणाला द्यायचे, सगळं. आणि मग करायला काही उरलं नाही, आणि संध्याकाळ झाली की मी घरात या खोलीतून त्या खोलीत जात असे. एका सोमवारी तू व्हाइस घेऊन दारात. "शालूचं काम आहे मशीनवर, मला बसायला जागा नाही. तुझ्या टेबलावर बसू?" पावसात खाडीला लाल पाणी, गरवणं बंद, तेव्हा तू बांधत बसायचास. मी म्हटलं, बस.

अख्खा पावसाळा तू येत राहिलास. यांच्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस. धीर धर, देवाची इच्छा, असलं काही नाही. "ताई, हे पिसाचं टोक धर." मी धरायची. "हलवू नकोस." मी हलवत नसे. तू म्हणायचास, "तुझा हात व्हाइसहून घट्ट आहे." तू दोरा फिरवायचास, पीस उभं राहायचं, जरीचा एक धागा मध्ये चमकायचा. माशीचं डोकं आलं की मात्र तू माझा हात बाजूला करायचास. दोन बोटांवर दोऱ्याचा त्रिकोण करायचा, तो डोक्याभोवती गरागरा फिरवायचा, बोट काढायचं आणि ओढायचं. दोरा स्वतःच्याच खाली जाऊन बसायचा. वरून शालूचं नेलपॉलिश. मी म्हटलं, "मला शिकव ना ही गाठ." तू म्हणालास, "तू घाई करशील. ही गाठ घाईने होत नाही."

परवा मी शालूला म्हटलं, "त्या वर्षी तुझं काम एवढं होतं का गं? दर सोमवारी माझ्याकडे यायचा बिचारा, जागा नाही म्हणून."

शालू रडायची थांबली. "त्या पावसात? वन्सं, मशीन तर रिकामंच असायचं. कोण शिवायला टाकतं पावसात?"

म्हणजे तू खोटं बोललास. त्याबद्दल मी तुझी आभारी आहे, आणि त्याच्यामुळेच माझा राग आता कुठेच मावत नाही. तुला येत होतं हे. काही न करता एखाद्याजवळ नुसतं कसं बसावं, हे तुला नीट येत होतं. माझी वेळ आली तेव्हा तू न विचारता माझ्या टेबलाशी येऊन बसलास. तुझी वेळ आली तेव्हा तू मला दारातच ठेवलंस. तुला वाटलं, हिला बसता येणार नाही, ही उठून तिकिटं काढायला जाईल. आधी गेलेच असते! तिकिटं काढून परत आले असते आणि मग बसले असते. पिसाचं टोक धरलं असतं. मला एवढं तरी येतं हे तू स्वतः म्हणाला होतास.

मला विचारायला हवं होतंस. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि याच्यावर तुझं उत्तर मला ऐकून घ्यायचं होतं, कितीही मूर्खपणाचं असलं तरी.

आता कामाचं.

दाखला आला. फंडाचे कागद दिले. नंदूची रजा वाढवून घेतली. काठ्या इब्राहिमच्या घरी पोचल्या, तो नको नको म्हणाला आणि ठेवून घेतल्या. डबा शालूकडे. होमिओपॅथीच्या औषधांचा तो खणाखणांचा डबा मी तुला दिला होता, गळाच्या आकाराप्रमाणे माश्या लावून, खणांना चिठ्ठ्या चिकटवून. उघडून बघितला तर तू सगळ्या उलटसुलट केल्यायत. लहानात मोठ्या, काळ्यात लाल. मी लावायला घेतल्या, दोन खण लावले, आणि मग परत होत्या तशा ठेवल्या. कुठली कुठे होती हे नीट आठवत नव्हतं, तेव्हा तुला हव्या तशा त्याही राहिल्या नाहीत.

आज घाटावरून आल्यावर शालू म्हणाली, "वन्सं, सोमवारपासून मला मशीनवर बसायला हवं. लग्नाच्या झंपरांची कापडं येऊन पडलीयत. नाही म्हणता येत नाही." ती बरोबर आहे. आता त्या मशीनवरच घर चालायचं आहे.

"मग तो व्हाइस काढू या," मी म्हटलं.

"काढा. पण ती सुटेल ना?"

सुटेल. व्हाइसला हात लावला की गळ हलणार, गळ हलला की दोरा सैल पडणार, आणि दोरा सैल पडला की सगळे वेढे एकामागून एक उलगडणार. पिसं खाली पडतील. शेवटची गाठ बसेपर्यंत ती माशी नसतेच, नुसता गळाला गुंडाळलेला कचरा असतो, हे तूच सांगितलं होतंस.

नंदू म्हणाला, "आत्या, डिंक लावू या ना."

"नको!" शालू आणि मी एकदम ओरडलो. तो बिचारा दचकला.

संध्याकाळी इब्राहिमला बोलावलं. तो वाकून बघत राहिला, हात मात्र पाठीमागे बांधून. "ताई, मला जाळ्याची गाठ येते, होडीची येते. ही असली नाजूक गाठ म्हणजे बायकांचं काम."

"हे तुम्ही श्रीधरला नाही कधी म्हणालात?"

"रोज म्हणायचो." मग म्हणाला, "मला पण नाय सांगितलान, ताई. छातीचं. मी जोडीदार, मला पण नाय." त्याचाही आवाज चिडका होता. मला बरं वाटलं. दहा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूचं भेटलं.

तो गेल्यावर मी खुर्ची ओढून मशीनपाशी बसले. माशी जवळून बघितली. मध्ये जर आहे, ती माझ्या हिरव्या साडीची. आतल्या पदराची, निऱ्यांत जाणारी, मला दिसू नये म्हणून बेताने कापलेली. ती साडी मी शालूला पिको करायला दिली होती आणि तू हात साफ केलास. याबद्दल वेगळं बोलायचं होतं, ते राहिलं.

मासिक उघडून समोर ठेवलं आहे. गाठीच्या आकृत्या आहेत, खाली बारीक इंग्रजी. तुला ते वाचता येत नव्हतं आणि गाठ यायची. मला शब्द न् शब्द कळतो. शालूच्या क्रोशाच्या सुईवर दोरा बांधून मी करून बघते आहे. त्रिकोण होतो. फिरवता येतो. बोट काढलं की सगळं सुटतं. तू म्हणालास तसं, मी बोट लवकर काढते.

शालूने आत पान वाढलं आहे, हाक मारते आहे. दोऱ्याच्या टोकाचा नट वाऱ्याने हलत होता म्हणून मी खिडकी लावून घेतली. सोमवारच्या आत व्हाइस काढून मशीन मोकळं करून द्यायचं आहे. त्याआधी गाठ. ती अजून झालेली नाही.